पेठांतून पायी : पुनर्विकासानंतरचे जुने पुणे कसे पाहावे

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्यात नव्याने आलेली मंडळी सुट्टीच्या दिवशी जुने पुणे पाहायला म्हणून पेठांत येतात, शनिवारवाड्याच्या दरवाजासमोर छायाचित्र काढतात, दगडूशेठ गणपतीचे दर्शन घेतात, तुळशीबागेत खरेदी करतात आणि संध्याकाळी परत जाताना विचारतात, की वाड्यांचे म्हणून जे पुणे ऐकले होते ते नेमके कुठे आहे. प्रश्न रास्त आहे. ज्या गल्लीत चाळीस वर्षांपूर्वी सलग वाडे होते, तिथे आज चार-पाच मजली इमारती आहेत, तळाला दुकाने किंवा वाहनतळ आहे आणि वर लोखंडी जाळ्या लावलेल्या गॅलऱ्या आहेत. माझे स्वतःचे बालपण कसबा पेठेतील एका दोन चौकी वाड्यात गेले. तो वाडा आता नाही, आणि त्याच जागेवरच्या इमारतीत माझे नातेवाईक आजही राहतात. त्यामुळे हा भाग नवागतांना दाखवताना केवळ शिल्लक राहिलेल्या वास्तूंची यादी द्यावी असे मला वाटत नाही. वाडा गेला तरी त्याच्या जागेची रेषा, त्याचे नाव, त्याचे पाणी आणि त्याचा देव बहुतेक ठिकाणी मागे राहिला आहे, आणि ते पाहता येऊ लागले की नव्या इमारतींच्या आतूनही जुने पुणे दिसू लागते. पुढील मार्गदर्शन त्याच दृष्टीने केले आहे.

निघण्यापूर्वी

ही फेरी साधारण तीन किलोमीटरची आहे आणि थांबत थांबत चालल्यास तिला तीन ते साडेतीन तास लागतात. सुरुवात सकाळी नऊच्या सुमारास करावी. त्याहून लवकर निघाल्यास रस्ते मोकळे मिळतात हे खरे, पण तांबट आळीतील काम सुरू झालेले नसते आणि तुळशीबागेतील दुकाने बंद असतात; उशिरा निघाल्यास शेवटच्या टप्प्यात दुपार होते आणि पेठांतील बरीच जुनी दुकाने एक ते चार या वेळेत बंद राहतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने चालण्यासाठी उत्तम आहेत. पावसाळ्यात फरशा निसरड्या होतात आणि मोडकळीस आलेल्या वाड्यांच्या भिंतीलगत चालणे धोक्याचे असते, म्हणून त्या दिवसांत ही फेरी टाळावी. गणेशोत्सवाचे दहा दिवसही यासाठी योग्य नाहीत, कारण तेव्हा पेठांतील अनेक रस्ते वाहतुकीसाठी बंद असतात आणि गर्दीमुळे थांबून काही पाहता येत नाही; तो उत्सव स्वतंत्रपणे येऊन पाहावा.

स्वतःचे वाहन आणू नये. पेठांत वाहन लावायला जागा मिळवण्यात एक तास सहज जातो, आणि आता त्याची गरजही उरलेली नाही. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा मेट्रोचा भुयारी टप्पा २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला आणि त्यावरील कसबा पेठ व मंडई ही दोन स्थानके थेट जुन्या गावाच्या पोटात आहेत. आपण कसबा पेठ स्थानकावर उतरावे आणि फेरी संपल्यावर मंडई स्थानकावरून परतावे. सहज काढता येतील अशा चपला घालाव्यात, कारण वाटेत देवळे बरीच आहेत. पाण्याची बाटली आणि कापडी पिशवी जवळ असावी. पिशवीचा उपयोग मंडईत होईल.

पाहायचे काय, हे आधी समजून घ्यावे

चालायला लागण्यापूर्वी वाडा म्हणजे काय आणि तो का पाडला गेला, हे थोडक्यात माहीत असलेले बरे. पेठांतील वाडा हा मध्ये उघडा चौक ठेवून त्याच्या चारही बाजूंनी बांधलेला असे. बाहेरून दगडी जोते, म्हणजे घराचा चौथरा, त्यावर विटांची भिंत, भक्कम लाकडी दरवाजा आणि त्या दरवाजात रोजच्या ये-जा करण्यासाठी एक छोटा दिंडी दरवाजा. आत गेल्यावर ओसरी, मग सोपा (खांबांवर उभे असलेले दालन), माजघर, देवघर, स्वयंपाकघर आणि मागे परस. चौकात तुळशीवृंदावन, कडेला आड किंवा हौद. घराचे मोजमाप खणांत होत असे. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. मोठ्या सरदाराच्या वाड्याला असे अनेक चौक असत, मध्यमवर्गीयाच्या वाड्याला एक किंवा दोन.

विसाव्या शतकात या वाड्यांत मालकाबरोबर अनेक बिऱ्हाडे राहू लागली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे भाडेकरूंना मोठे संरक्षण मिळाले आणि ते आवश्यकही होते; परंतु भाडी जवळपास गोठली, मालकाला दुरुस्तीचा खर्च परवडेना आणि भाडेकरूला जागा सोडणे परवडेना. आमच्या वाड्यातील काही बिऱ्हाडांचे भाडे शेवटपर्यंत दरमहा वीस रुपयांच्या आत होते, आणि गळणाऱ्या छपराची एक बाजू शाकारायलाही त्याहून कितीतरी अधिक खर्च येत असे. छप्पर गळले की तुळया कुजतात, तुळया कुजल्या की कडीपाट, म्हणजे लाकडी छत, खचतो, आणि मग एका पावसाळ्यापूर्वी महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस दरवाजावर चिकटवली जाते. अशा वेळी मालक, भाडेकरू आणि बांधकाम व्यावसायिक यांच्यात करार होतो. भाडेकरूला नव्या इमारतीत मालकी हक्काची छोटी सदनिका मिळते, मालकाला त्याचा वाटा मिळतो आणि उरलेल्या सदनिका व दुकाने विकून व्यावसायिक आपला खर्च काढतो. वाडा पाडल्याबद्दल हळहळणाऱ्या पाहुण्यांना मी नेहमी सांगतो, की एका सामाईक नळावर आणि सामाईक संडासावर ज्या कुटुंबांच्या दोन पिढ्या गेल्या, त्यांच्या दृष्टीने स्वतःचे स्नानगृह असलेली सदनिका ही फार मोठी गोष्ट होती. वारसा गेला हे दुःख मला आहेच, पण त्या माणसांचा आनंदही मी डोळ्यांनी पाहिला आहे.

आता चालताना तीन खुणा शोधाव्यात. पहिली खूण रस्त्याच्या कडेची. नवी इमारत बांधताना रस्तारुंदीसाठी ठरलेली जागा सोडून मागे सरकावे लागते. जुना वाडा मात्र मूळ रेषेवरच उभा असतो. त्यामुळे पेठांतील रस्त्याची कड सरळ नसते, ती दात पडल्यासारखी पुढे-मागे होत जाते. जिथे एखादे घर रस्त्यात घुसल्यासारखे दिसेल तिथे ते घर जुने आहे आणि रस्त्याची मूळ रुंदी तेवढीच होती, असे समजावे. दुसरी खूण नावांची. इमारतीच्या पाटीवर अपार्टमेंट किंवा हाइट्स असे लिहिलेले असले तरी त्याआधी येणारे आडनाव बहुधा पाडलेल्या वाड्याचेच असते. तिसरी खूण देवळाची किंवा एखाद्या झाडाची. वाड्याच्या चौकातले छोटे देऊळ पाडण्यास सहसा कोणी तयार होत नाही, म्हणून अनेक नव्या इमारतींच्या तळमजल्यावर, वाहनांच्या मधोमध, एखादा मारुती किंवा महादेव पूर्वीच्याच जागी बसलेला आढळतो.

पहिला टप्पा : फडके हौद ते कसबा गणपती

कसबा पेठ स्थानकातून वर आल्यावर आपण फडके हौदाच्या परिसरात असतो, आणि फेरीची सुरुवात पाण्याने होते हे मला फार योग्य वाटते. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तेथील पाणी दगडी-चुनेगच्ची नळाने शहरात आणले गेले. हा नळ जमिनीखालून, केवळ उताराच्या बळावर पाणी वाहून नेत असे. ठरावीक अंतरावर त्याला उच्छ्वास ठेवलेले होते, ज्यांतून हवा खेळती राहत असे आणि गाळ काढण्यासाठी माणसाला आत उतरता येत असे. शनिवारवाड्यापर्यंत जाणारे हे पाणी वाटेत सार्वजनिक हौदांतून नागरिकांना मिळे. काळा हौद, फडके हौद, सदाशिव पेठ हौद ही नावे त्या व्यवस्थेची आठवण आहेत. आज हौद वापरात नाहीत, परंतु पत्ता सांगताना पुणेकर अजूनही फडके हौदाजवळ असेच म्हणतो. मेट्रो स्थानकासाठी या भागातील काही जुनी घरे पाडावी लागली आणि तेथील कुटुंबांना अन्यत्र जावे लागले, हेही इथे उभे राहून लक्षात घ्यावे. ज्या सोयीने आपण आलो तिची किंमत कुणीतरी मोजली आहे.

येथून कसबा गणपतीचे देऊळ अगदी जवळ आहे. हे पुण्याचे ग्रामदैवत आणि विसर्जन मिरवणुकीतील पहिला मानाचा गणपती. या देवळाशी जोडलेली कथा आपल्या विषयाच्या मुळाशी जाते. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे उद्ध्वस्त केले आणि गाव ओसाड व्हावे म्हणून तेथे गाढवाचा नांगर फिरवला, असे सांगितले जाते. त्यानंतर जिजाबाई बाल शिवाजीराजांना घेऊन येथे आल्या, त्यांनी गणपतीच्या देवळाकडे लक्ष दिले, सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवून जमीन पुन्हा लागवडीखाली आणली आणि विस्कटलेले गाव वसवले, अशी परंपरा आहे. म्हणजे जिला आपण जुनी म्हणून पाहायला आलो ती कसबा पेठ स्वतःच एका पुनर्वसनातून उभी राहिली आहे. देवळाचा लाकडी सभामंडप शांतपणे पाहावा. पाडलेल्या वाड्यांतील सोपे कसे असत याची कल्पना त्या खांबांवरून येते.

दुसरा टप्पा : कसब्याच्या आळ्या

देवळातून निघून आत शिरावे. इथे नकाशा बाजूला ठेवला तरी चालेल, कारण कसबा पेठेतील गल्ल्या कुणी आखलेल्या नाहीत. त्या वस्तीप्रमाणे वळत गेल्या आहेत. पेशवेकाळात वसवलेल्या सदाशिव किंवा नारायण पेठेतील बऱ्याचशा सरळ, एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्यांशी याची तुलना केली तर गावठाण आणि आखीव पेठ यांतला फरक पायांनाच कळतो. येथील आळ्यांची नावे व्यवसायांची आहेत : तांबट आळी, बुरूड आळी, शिंपी आळी, कुंभारवाडा, आणि कागद तयार करणाऱ्यांची कागदीपुरा.

यांपैकी तांबट आळीत सर्वाधिक वेळ द्यावा. ती ओळखण्यासाठी पाटी वाचावी लागत नाही. तांब्याच्या पत्र्यावर पडणाऱ्या हातोडीचा आवाज दोन गल्ल्या आधीपासून ऐकू येतो. तांबट कारागीर पेशवेकाळात पुण्यात स्थिरावले आणि बंब, हंडे, घंगाळी, तपेली अशी भांडी घडवत राहिले. भांड्याचा आकार तयार झाल्यावर त्याच्या पृष्ठभागावर हातोडीने एकसारखे, ओळीत ठोके मारतात, याला मठारकाम म्हणतात. त्या ठोक्यांमुळे पत्रा घट्ट होतो आणि त्यावर मोहरीएवढ्या चकाकत्या खुणांची जाळी उमटते. एकाही ठोक्याची जागा चुकली तर ती ओळीत उठून दिसते, म्हणून कारागीर ठोके मारताना बोलत नाही. प्रश्न विचारायचे असतील तर त्याचा हात थांबेपर्यंत वाट पाहावी. घरोघरी गॅस आणि विजेचे तापक आल्यावर बंबाची मागणी संपली आणि आता हे कारागीर दिवे, ताटल्या, पाण्याचे जग अशा नव्या वस्तू घडवतात. पुनर्विकासाचा खरा प्रश्न इथे समजतो. वाड्यात तळाला कारखाना आणि वर घर असे एकत्र राहता येत असे. भट्टी, पत्र्यांचा साठा आणि दिवसभराचा ठणठणाट सदनिकांच्या इमारतीत मावत नाही. घर बदलले की कुटुंबाला चांगले छप्पर मिळते, पण हातोडी ठेवायला जागा उरत नाही. नव्या विकास योजनांची चर्चा करणाऱ्यांनी एकदा या आळीत तासभर बसावे, असे मला मनापासून वाटते.

छायाचित्र काढण्यापूर्वी परवानगी मागावी आणि वस्तू आवडल्यास तिथेच विकत घ्यावी. घासाघीस फार करू नये.

कसब्यातून नदीच्या बाजूला जाणाऱ्या उतारावर जुनी घरे कमी आणि साठ-सत्तरच्या दशकांतील साध्या इमारती अधिक दिसतात. त्याचे कारण १२ जुलै १९६१. त्या दिवशी पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे धरणही गेले आणि मुठेचे पाणी काठच्या पेठांत शिरले. माती आणि पांढरीच्या भिंतींचे वाडे पाण्यात काही तास उभे राहिले आणि मग खाली बसले. पेठांतील घरे पाडून नवी बांधण्याची सुरुवात बांधकाम व्यावसायिकांनी नव्हे, तर त्या पुराने केली, हे लक्षात ठेवावे.

तिसरा टप्पा : लाल महाल, शनिवारवाडा आणि त्याभोवतीचे वर्तुळ

शिवाजी रस्त्याला लागून असलेला लाल महाल पाहताना एक गोष्ट स्पष्ट असावी. शहाजीराजांनी जिजाबाई आणि शिवाजीराजांसाठी बांधवलेला आणि १६६३ च्या एप्रिलमध्ये शायिस्तेखानावरील छाप्यामुळे इतिहासात अमर झालेला मूळ महाल फार पूर्वीच नष्ट झाला; आज दिसते ती इमारत महापालिकेने १९८० च्या दशकात उभारलेले स्मारक आहे. ती पाहावी, पण जुनी वास्तू समजून नव्हे.

शनिवारवाडा समोरच आहे. थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी, त्याचा पाया घातला आणि १७३२ च्या जानेवारीत वास्तुशांत झाली. पहिल्या बांधकामाला १६,११० रुपये खर्च आल्याची नोंद आहे. उत्तरेकडील दिल्ली दरवाजातून आत जावे, दरवाजावरील अणकुचीदार खिळे हत्तीची धडक रोखण्यासाठी आहेत हे पाहावे आणि मग आतील मोकळ्या जागेत शांतपणे उभे राहावे. १८२८ च्या आगीत आतील सर्व लाकडी महाल जळाले. उरले ते तट, बुरूज, दरवाजे आणि जोती. बहुतेक पाहुणे इथे निराश होतात. मात्र वाडा समजून घेण्यासाठी यापेक्षा चांगली जागा नाही, कारण भिंती नसल्यामुळे चौकामागून चौक कसे लागत, दालने किती खणांची होती, पाणी कोठून येऊन हजारी कारंजाच्या सोळा पाकळ्यांच्या कमळात कसे उसळत असे, हे जोत्यांवरून सरळ वाचता येते. इथे पाच मिनिटे जोत्यांची मांडणी पाहिली की नंतर गल्लीत एखाद्या नव्या इमारतीखाली डोकावणारा घडीव दगड लगेच ओळखू येतो.

बाहेर पडल्यावर वाड्याला बाहेरून एक फेरी मारावी आणि आजूबाजूच्या घरांकडे नीट पाहावे. इतर पेठांच्या मानाने इथे पडझड झालेले जुने वाडे अधिक का दिसतात, याचे उत्तर कायद्यात आहे. शनिवारवाडा केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही, फक्त परवानगीने दुरुस्ती करता येते. त्यापुढील २०० मीटरमध्ये बांधकामावर नियंत्रण असते. स्मारकाचे रक्षण व्हावे या हेतूने केलेल्या नियमामुळे त्याच्या शेजारचे वाडे पाडून नवेही बांधता येत नाहीत आणि दुरुस्त करण्याइतके पैसेही मालकांजवळ नसतात. आत राहणारी माणसे टेकू लावलेल्या तुळईखाली झोपतात. मला हा नियम चुकीचा वाटत नाही, परंतु ज्यांच्या घरांवर त्याचा भार पडतो त्यांना दुरुस्तीसाठी सार्वजनिक निधीतून मदत मिळायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

ती मदत मिळाल्यास काय होऊ शकते याचे उदाहरण जवळच आहे. नाना फडणवीसांनी १७८० च्या सुमारास बांधलेला नानावाडा दीर्घकाळ शाळेसाठी वापरला गेला आणि पुढे महापालिकेने त्याच्या जतनाचे काम हाती घेतले. त्याच्या लाकडी खांबांची सुरूच्या झाडासारखी घडण आणि दगडी जोते बाहेरूनही पाहण्यासारखे आहे.

चौथा टप्पा : शिवाजी रस्त्याने बुधवारात

आता शिवाजी रस्त्याने दक्षिणेकडे चालावे. शिवाजी रस्ता, बाजीराव रस्ता आणि त्यांना छेदणारा लक्ष्मी रस्ता हे दाट वस्ती कापून काढलेले रस्ते आहेत, त्यामुळे त्यांच्या दोन्ही बाजूंना आधुनिक दर्शनी भाग आणि त्यामागे दहा पावलांवर जुनी गल्ली असे दृश्य वारंवार दिसते. वाहतूक फार असते. पदपथ सोडू नये आणि चौकातच रस्ता ओलांडावा.

दगडूशेठ हलवाई गणपतीच्या देवळाजवळ रांग मोठी असल्यास बाहेरूनच दर्शन घ्यावे. त्याच्या समोरच्या बाजूला भिडे वाड्याची जागा आहे आणि इथे मात्र थांबल्याशिवाय पुढे जाऊ नये. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींसाठी शाळा सुरू केली ती येथे. मी पाहिलेला भिडे वाडा म्हणजे दुकानांच्या पाट्यांमागे लपलेली, कोसळायला आलेली इमारत होती. शेजारून रोज हजारो माणसे जात आणि त्यांतील फार थोड्यांना ती जागा ठाऊक असे. अनेक वर्षांच्या न्यायालयीन वादानंतर डिसेंबर २०२३ मध्ये महापालिकेने ती जीर्ण इमारत पाडली आणि तेथे राष्ट्रीय स्मारक उभारण्याचे ठरले. काही वास्तूंबाबत लाकूड आणि दगड महत्त्वाचे असतात. इथे ते कधीच महत्त्वाचे नव्हते. त्या जागेवर लहान मुली पाटी घेऊन बसल्या, एवढेच पुरेसे आहे.

जवळच फरासखान्याच्या परिसरात बाहुलीचा हौद आहे. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपली लहानपणीच गेलेली मुलगी काशीबाई हिच्या स्मरणार्थ तो बांधला आणि पाणी जातिभेद न मानता सर्वांसाठी खुले ठेवले. फडके हौदाजवळ सुरू झालेली पाण्याची कथा इथे माणसांच्या कथेला मिळते.

बुधवार पेठेच्या काही गल्ल्यांत देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची वस्ती आहे. तिथून जाण्याचे कारण नसेल तर मुख्य रस्त्यानेच जावे, आणि गेल्यास कॅमेरा पिशवीत ठेवावा. तिथेही कुटुंबे आणि मुले राहतात. त्यांचे घर हा कोणाच्या कुतूहलाचा विषय नाही.

पाचवा टप्पा : विश्रामबाग, तुळशीबाग, मंडई

बुधवार चौकातून बाजीराव रस्त्याकडे वळून विश्रामबागवाड्यापाशी यावे. बुधवार चौकात पूर्वी बुधवारवाडा होता. १८७९ च्या मे महिन्यात लावलेल्या आगीत तो जळाला आणि त्याच वेळी विश्रामबागवाड्याचाही काही भाग भस्मसात झाला. दुसऱ्या बाजीरावांनी १८०७ मध्ये बांधकाम सुरू केलेला विश्रामबागवाडा पेठांत उरलेल्या सर्वांत देखण्या वास्तूंपैकी आहे. दर्शनी बाजूची लाकडी सज्जाची रांग आणि सुरूचे खांब रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने पाहावेत. या वाड्याने किती भूमिका पार पाडल्या ते ऐकण्यासारखे आहे : पेशव्यांचे निवासस्थान, १८२१ पासून संस्कृत पाठशाळा, पुढे नगरपालिकेची कचेरी, टपाल कार्यालय आणि प्रदर्शनाची जागा. सतत वापरात राहिल्यामुळेच तो टिकला, असे मला वाटते. रिकामी वास्तू पावसाळ्यांपुढे फार काळ तग धरत नाही.

वाड्यासमोरून तुळशीबागेत शिरावे. भांडी, बांगड्या, देवाची उपकरणी, भातुकलीचे संच यांच्या दुकानांतून वाट काढत आत गेल्यावर अचानक मोठे अंगण लागते आणि समोर राममंदिराचे उंच, मूर्तींनी भरलेले शिखर दिसते. नारो अप्पाजी तुळशीबागवाले यांनी १७६१ मध्ये या मंदिराचे काम सुरू केले. खरेदीला वर्षानुवर्षे येणाऱ्या अनेकांनी हे अंगण पाहिलेले नसते. इथे सावली आहे, बसायला जागा आहे. दहा मिनिटे विसावा घ्यावा. परिसरातील देवांची नावेही विचारून घ्यावीत : जिलब्या मारुती, सोन्या मारुती, पासोड्या विठोबा. ही नावे शेजारच्या दुकानांवरून आणि बाजारांवरून पडली आहेत असे सांगतात, आणि बाजार हलला तरी देवाचे नाव तसेच राहिले.

तुळशीबागेच्या दुसऱ्या टोकाने बाहेर पडले की महात्मा फुले मंडई. पूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या जागेत भरत असे. तो हलवून ही दगडी इमारत बांधली गेली आणि ऑक्टोबर १८८६ मध्ये तिचे उद्घाटन होऊन तिला मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव देण्यात आले. मध्ये अष्टकोनी मनोरा आणि त्यापासून निघालेल्या आठ शाखा अशी तिची रचना आहे. मनोऱ्याखाली उभे राहून वर पाहिल्यास छताचे लाकूडकाम आणि उजेडासाठी ठेवलेल्या उंच खिडक्या दिसतात. एवढा खर्च इमारतीवर करण्याऐवजी शिक्षणावर करावा, अशी भूमिका नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुले यांनी घेतली होती, आणि पुढे याच मंडईला त्यांचे नाव दिले गेले. बाहेर लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे, ज्याचे अनावरण १९२४ मध्ये मोतीलाल नेहरूंच्या हस्ते झाले.

मंडईत केवळ फिरू नये, काहीतरी विकत घ्यावे. दगडी ओट्यांवर उंच बसलेल्या विक्रेत्यांपैकी अनेकांची ही तिसरी-चौथी पिढी आहे, आणि आजी किंवा मावशी म्हणून विचारले तर कोणती मेथी कोठून आली आणि कोणता कांदा टिकेल हे त्या आपुलकीने सांगतात. मंडई मेट्रो स्थानक इथून काही पावलांवर आहे. स्थानकाच्या सरकत्या जिन्याने खाली जाण्यापूर्वी पिशवीतील भाजी वरच्या बाजूला आहे ना, तांब्याचे भांडे तळाला गेले आहे ना, एवढे पाहून घ्यावे. दुपारी एकनंतर गाडीत बसायला जागा सहज मिळते.